कडेला बारीक माणसं

अंबादासअण्णांना कुणाचं बरं बघवत नाही, असं आमच्या स्टुडिओत सगळे म्हणायचे. माझं म्हणणं थोडं वेगळं होतं. त्यांना कुणाकडे बघायचंच नसे. गिऱ्हाईक लग्नाची पत्रिका हातात घेऊन पुढ्यात उभं असलं तरी अण्णा त्याच्या कानाशेजारच्या हवेकडे बघून बोलायचे.

"मुलाकडचे की मुलीकडचे? बरं. ड्रोन पाहिजे? मग दुसरीकडं जावा. हितं माणसांचे फोटो काढतात, पत्र्यांचे नाही."

गिऱ्हाईक जिना उतरताना म्हणायचं, काय माज आहे म्हाताऱ्याला! माज होताच. पूर्वी निदान डोळ्यात डोळे घालून अपमान करायचे. शेवटच्या वर्षांत तेवढेही कष्ट घेईनात.

मी त्या स्टुडिओत मागच्या खोलीत बसून अल्बम तयार करते. नवी पेठेतला दुसरा मजला, खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. फोटोग्राफर लोक मांडवात गळ्यात दोन-दोन कॅमेरे अडकवून मिरवतात आणि त्यांची पापं माझ्या पडद्यावर येऊन पडतात. मिटलेल्या डोळ्यांच्या जागी दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे बसवायचे, नवऱ्याच्या काकाचं पोट आत घ्यायचं, नवरीच्या गालावरची पुटकुळी काढायची, हे माझं काम. अण्णा मला शिंपीण म्हणायचे.

"काय गं चित्रे, कुणाचे डोळे कुणाला शिवतेस आज?"

"तुमच्या फोटोतल्यांचे," मी म्हणायचे. पण ते खोटं असायचं. अण्णांच्या फोटोत शिवायला काही सापडत नसे, हीच तर माझी चिडचिड होती. उर्मट माणसाचं काम वाईट निघालं की बरं वाटतं. या माणसाने ते सुख मला बरीच वर्षं दिलं नाही.

त्यांची लेन्स चोवीसची, म्हणजे वाइड. छोट्या कार्यालयात सगळं खानदान एका फोटोत मावायला हीच लागते. अख्खी धातूची, काळा रंग झिजून कडांना पितळ दिसायला लागलेलं. नव्या कॅमेऱ्यावर ती बसावी म्हणून मधे जोडकडी लावलेली. फोकसची कडी हाताने फिरवायची, तिच्यावर अंतराचे आकडे कोरलेले. अण्णांनी ती एका आकड्यावर आणून वायरमनची काळी चिकटपट्टी मारून टाकली होती. उजेड आत घेणारं छिद्र बारीक ठेवायचं, पट्टी काढायची नाही, की चार पावलांवरच्या नवरीपासून पार मागच्या भिंतीपर्यंत सगळं स्पष्ट. पुन्हा फोकस म्हणून करायचाच नाही.

"फोकस करायला वेळ लागतो तो ज्याला कुठं बघायचं ते ठाऊक नसतं त्याला," असं ते म्हणायचे. हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं, की मी ते त्यांच्या आधी म्हणायला लागले. त्याचाही त्यांना राग यायचा.

अण्णांचं घर शहराच्या पूर्व भागातलं, विणकरांच्या वस्तीतलं, वडील मागावर टॉवेल विणायचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि शिव्या समोरच्याला जी भाषा कळत नाही तिच्यात. जगातल्या माणसांचे अण्णांनी दोनच प्रकार केले होते: मधले आणि कडेचे. याला कारण आहे. वाइड लेन्स जुनी असो की नवी, मधलं माणूस आहे तसं येतं आणि कडेचं ओढलं जातं. जाडजूड माणूस कडेला उभा राहिला तर फोटोत दोघांची जागा खातो आणि डोकं भोपळ्यासारखं तिरपं होतं. म्हणून अण्णांचा नियम होता, मध्ये भरलेली, कडेला बारीक. हा नियम ते भर मांडवात ओरडून अमलात आणायचे.

"ओ निळा शर्ट, तुमी कडेला. तुमच्यात ताणायला जागा हाय. काकू, तुमी मध्ये या. लाजू नका, तुमचं मध्येच बरं!"

काकू लाल व्हायच्या, पण फोटो बघितला की फोन करून अण्णांना जेवायला बोलवायच्या. अण्णा जायचे नाहीत.

याच नियमाने ते सूडही घ्यायचे. एका लग्नात मी मदतीला गेले होते, तिथे एक पुढारी उशिरा आला. बरोबर चारजण, चौघांचे पांढरे बूट. आल्या आल्या नवरीच्या मामाला कोपराने बाजूला सारून नवरदेवाच्या खांद्याला खांदा लावून उभा. मामा बिचारा सांगोल्याहून डाळिंबाच्या टेम्पोत बसून आलेला, गप्प बाजूला झाला. अण्णा कॅमेरा खाली ठेवून पुढे गेले. एवढं नम्र झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, तुमी मध्ये राहिलात तर नवरदेव झाकोळतो. फोटोला कडेला वजन लागतं. हितं या. सगळा फोटो तुमच्यावर तोलून धरतो."

साहेब खूश होऊन टोकाला गेले. अल्बम पोचल्यावर त्यांच्या माणसाचा फोन आला, साहेबांचं डोकं असं कसं दिसतंय म्हणून.

"आहे तसं आलंय," अण्णा म्हणाले. "लेन्स जुनी आहे, तिला खोटं बोलता येत नाही."

मला ते डोकं पडद्यावर सरळ करता आलं असतं. मी केलं नाही. मलाही पांढरे बूट आवडले नव्हते.

मग सतीशने नवी लेन्स आणली. सतीश म्हणजे आमचा मालक, वडिलांच्या पाठीमागे स्टुडिओ चालवणारा. नवी लेन्सही चोवीसचीच, पण आपलं आपण फोकस करणारी, माणसाचा चेहरा शोधून त्याच्या डोळ्यावर जाऊन बसणारी. जाफर, आमचा दुसरा फोटोग्राफर, तिच्यावर लट्टू झाला. अण्णांनी ती उचलली, कानाजवळ नेऊन हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

"सुटलंय आत."

"आतलं भिंग तसंच सैल असतंय अण्णा," जाफर म्हणाला. "कॅमेरा चालू केला की धरतंय."

"म्हणजे झोपताना कवळी काढून ठेवल्यासारखं. आणि ही कडी? फिरतेच आहे, थांबतच नाही. आकडे कुठं आहेत?"

"आकडे नस्तेत ओ. लागत न्हाईत की."

"ज्याला लाज नाही त्याला आकडा कशाला!" असं म्हणून अण्णांनी "प्लास्टिकची बादली!" करत ती खाली ठेवली. त्या दिवसापासून तिचं नाव बादली पडलं.

आता खरं सांगायचं तर माझ्या पडद्यावर बादलीचे फोटो सरस येत होते. कडेपर्यंत धार, उजेड समोरून आला तरी पांढुरका थर नाही, ओळी सरळ. अण्णांच्या लेन्समधे कडा मऊ यायच्या, पिवळसर झाक यायची, दिवा समोर आला की फोटोवर डाग उठायचे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "कडेच्या माणसाला कोण बघतंय!"

पण बादलीने एकदा आपलंच नाक असं कापून घेतलं की अण्णा महिनाभर तरंगत होते. लग्न अक्कलकोट रोडवरच्या कार्यालयात. स्टेजच्या मागे भलामोठा फ्लेक्स, त्यावर नवरीच्या स्वर्गवासी आजोबांचा रंगीत फोटो, खाली 'यांच्या आशीर्वादाने'. जाफरने उजेड कमी म्हणून लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं, म्हणजे जिथे फोकस तेवढंच स्पष्ट, आणि जवळ जाऊन नवरा-नवरीचे एकामागून एक फोटो काढले. लेन्सला समोर तीन चेहरे दिसले. नवरीच्या चेहऱ्यावर मुंडावळ्या आणि फुलं, नवरदेवाच्याही तेच. आजोबांचा चेहरा मोकळा. लेन्स जाऊन बसली आजोबांवर. माझ्या पडद्यावर आजोबांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा, आणि पुढे नवरा-नवरी धुरात.

अण्णा माझ्या खुर्चीमागे उभे राहून हसले. त्यांना हसताना बघायची सवय नसल्याने मी दचकले.

"काय तरतरीत आलेत आजोबा! मेलेला माणूस शोधून काढलास जाफर. जिवंत काय, कोणीही शोधतंय."

"चेहरा दिसला की पकडते ती," जाफर पडलेल्या आवाजात म्हणाला. "तिला काय ठाव, आजोबा वारल्यात ते."

"तेच म्हणतोय. तिला काही ठाऊक नाही, आणि तू तिला विचारून फोटो काढतोस."

गोष्ट इथेच संपायला हवी होती, अण्णा जिंकले होते. पण पुढच्याच लग्नसराईत त्यांचे फोटो बिघडायला लागले. फोकस नाही, तो पट्टीखाली शाबूत होता. बाकी सगळं गेलं. नवरदेवाच्या आईचे डोळे मिटलेले. करवलीच्या तोंडावर पुढच्या पोराचा हात. एका ग्रुपमध्ये तर नवरीच तोंड फिरवून पदर सावरतेय आणि अण्णांनी तोच फोटो शेवटचा म्हणून कॅमेरा बंद केलेला. ज्या माणसाने भर गर्दीतली एक सैल टिकली हेरून "ओ वहिनी, कपाळ!" म्हणून ओरडावं, त्याला नवरीचं तोंड दिसू नये?

मी त्यांना मागच्या खोलीत बोलावून ते फोटो दाखवले.

"सगळ्यांचे डोळे मिटलेत, अण्णा."

"लग्न करायला डोळे उघडे कशाला लागतात? उघडे ठेवले असते तर लग्नच केलं नसतं."

"मस्करी नको. हा फोटो बघा."

तेव्हा त्यांनी बघितलं, आणि मला कळलं. त्यांनी मान वळवली ती माझ्या पडद्याच्या उजव्या बाजूला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. कॅलेंडरवर नजर रोखून ते म्हणाले, "तिसरी बाई जांभई देतेय." खरंच देत होती.

"डॉक्टरकडे गेला होतात?"

त्यांनी आधी खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय. दोन्ही डोळ्यांत. मधलं गेलंय, कडा शाबूत आहेत." आणि लगेच नेहमीच्या तुसड्या आवाजात, "आयुष्यभर ज्यांना मध्ये उभं केलं ते सगळे हरामखोर गेले बघ. कडेचे राहिले. सतीशला बोललीस तर तुझ्या अल्बमवर चहा सांडीन."

म्हणजे हा माज नव्हता. कानाशेजारच्या हवेकडे बघणं म्हणजे त्या माणसाला बघणं होतं. आणि ती चिकटपट्टी मारलेली लेन्स! तिला डोळ्यांची गरजच नव्हती. पावलांनी अंतर धरायचं, कॅमेरा उचलायचा, बटण दाबायचं. आंधळ्यालाही फोकस चुकवता येणार नाही. नव्या लेन्सला नावं ठेवत ठेवत हा माणूस ताकाला जाऊन भांडं लपवत होता. मला दया यायला पाहिजे होती. मला संताप आला. लोकांची लग्नं होती ती, परत लागणार होती का?

सतीशला मी सांगितलं नाही, पण मिटलेले डोळे त्यालाही दिसले. त्याने फर्मान काढलं, अण्णांनी यापुढे नवीच लेन्स वापरायची. अण्णांनी काय करावं? त्यांनी बादलीचा आपोआप फोकस बंद करून तिच्या न थांबणाऱ्या कडीवरही काळी पट्टी मारली! ती कडी नुसती विजेला इशारा देणारी, आतलं भिंग तिला बांधलेलंच नाही. कॅमेरा बंद करून चालू केला की भिंग आपल्या मर्जीने भलतीकडे जाऊन बसतं, वर पट्टी असो की कुलूप. जुन्या लेन्सवर उभी हयात गेलेला माणूसच अशी चूक करू शकतो. अख्खी हळद धुरकट आली, आणि ती धुरकट आहे हे त्यांना तिथे दिसलं नाही. ग्रुप फोटोचं काम जाफरकडे गेलं. अण्णा काउंटरवर बसून गिऱ्हाइकांच्या कानाशेजारी बघायला लागले.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्यांच्या मुलीचं, पद्माचं लग्न ठरलं, मुलगा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. अण्णांनी जाहीर केलं, "माझ्या पोरीचा ग्रुप बादल्या घेऊन कोणी काढायचा नाही. मीच काढणार."

पद्मा शाळेत गणित शिकवते. आई लहानपणीच गेलेली, बापाचा आवाज आणि बापाचं नाक घेऊन वाढलेली. ती एका दुपारी माझ्याकडे आली.

"चित्राताई, माझ्याकडे अण्णांबरोबर एक फोटो नाही. बारशापासून पदवीपर्यंत सगळे त्यांनीच काढलेत, म्हणून एकातही ते नाहीत. मला लग्नात ते फोटोत पाहिजेत. आणि माझ्याकडे बघताना पाहिजेत. कॅमेऱ्यातून नको, नुसतं."

मी म्हटलं, हे त्यांना सांग. ती बाहेर गेली आणि काउंटरपाशी उभी राहून सांगून आली. मला खोलीत सगळं ऐकू आलं.

"तुम्ही काढणार असाल तर ग्रुप फोटोच नको. फोटोग्राफरला लग्नात जेवण मिळतं, मान मिळत नाही. मला बाप पाहिजे."

"आणि काढणार कोण? हा? मेलेली माणसं शोधणारा?"

"तोच."

अण्णांनी टेबलावर हात आपटला, तेलुगूत काहीतरी पुटपुटले, आणि शेवटी म्हणाले, "माझ्या लेन्सनं काढायचा. पट्टीला हात लावला तर मांडवातून बाहेर काढीन."

लग्नाच्या दिवशी कार्यालयात तुफान उकाडा. तेलुगू रीतीप्रमाणे नवरा-नवरीने एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवून झालं, अक्षता पडल्या, ग्रुपची वेळ आली. पद्माने आपल्या शेजारची जागा हाताने अडवून धरली होती. अण्णा आले, सगळ्यांना चाचपल्यासारखे हलवून उभे केले, मध्ये भरलेली, कडेला बारीक, आणि स्वतः पार डाव्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"अण्णा, इकडे या!" पद्मा म्हणाली.

"नियम म्हणजे नियम. मी बारीक आहे."

तिचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी त्या माणसाचा असा राग आला! पोरीच्या लग्नात तरी मिरवायची ही घमेंड सोडू नये? एवढं एक मागितलं होतं तिने.

सतीशच्या सांगण्यावरून जाफरने पहिला फोटो नव्या लेन्सने काढला. "अण्णा, इकडं बघा," म्हणाला, आणि अण्णांनी मुकाट्याने कॅमेऱ्याकडे तोंड केलं. मग जुनी लेन्स चढवली. जाफर चार पावलांवर उभा राहिला, बटण अर्धं दाबलं, आणि फोकस लागल्याच्या बीपची वाट बघत थांबला. परत दाबलं, परत थांबला.

"अण्णा, बीप येईना की ओ."

"बीप कशाला? लग्न आहे माझ्या पोरीचं, टेम्पो रिव्हर्स घेत नाहीयेस तू!"

अख्खा मांडव हसला. पद्मासुद्धा हसली, मान मागे टाकून, बापासारखं नाक वर करून. जाफरने घाबरून बटण दाबलं.

चार दिवसांनी दोन्ही फोटो माझ्या पडद्यावर शेजारी शेजारी होते. पहिला म्हणजे नव्या लेन्सची जाहिरात म्हणावी असा. टोकाच्या अण्णांच्या हनुवटीवरचे पांढरे खुंटसुद्धा वेगळे दिसत होते. डोळे उघडे, थेट कॅमेऱ्यात. आणि त्या डोळ्यांत काही म्हणजे काही नव्हतं. बघ म्हटलं म्हणून तोंड केलेलं.

दुसऱ्यात सगळे विस्कटलेले, हसणारे. कडा मऊ. अण्णांचा खांदा ओढला गेलेला, कोपर लांबलेलं, चेहरा थोडा पुसट. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. पद्माकडेही नाही. तिच्या खांद्यापासून वीतभर बाजूला मांडवाचा केळीचा खांब होता, त्याच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांचं तोंड मी कुत्सितपणाशिवाय पाहिलं नव्हतं. तो या फोटोत नव्हता. नुसता एक म्हातारा होता आणि त्याचा जीव त्या खांबावर जडला होता.

"पहिला घे," सतीश म्हणाला. "दुसऱ्यात बघतायत कुठं ते? पोरीचं लग्न सोडून खांब बघतायत! नाहीतर पहिल्यातलं डोकं दुसऱ्यात बसव." पद्माच्या सासूबाईंचाही फोन येऊन गेला, व्याह्यांचा चेहरा जरा सरळ करा म्हणून. माझं तर ते रोजचंच काम. पण मी हात लावला नाही, पद्माला बोलावलं.

ती अण्णांना कुर्डुवाडीला घेऊन जाण्यासाठीच आली होती. त्यांना बाहेर काउंटरपाशी बसवून आत आली. मी दोन्ही फोटो उघडले. तिने ते फार वेळ बघितले.

"हा," दुसऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली.

"सतीश म्हणतोय, अण्णा खांबाकडे बघतायत."

"खांबाकडे बघितलं की मी दिसते त्यांना, ताई." तिने पदराने डोळे पुसले आणि लगेच नाक वर केलं. "मला वाटलं तेव्हा की नियम दाखवतायत. एवढ्या जवळ शेजारी उभे राहिले असते तर मी त्यांना न दिसणाऱ्या मधल्या जागेत गेले असते. हे आज कळतंय मला."

"डोळ्यांचं तुला माहीत होतं?"

"चहा समोर धरला की चाचपडायचे, बाजूला धरला की घ्यायचे. मी विचारलं नाही. माझ्यावर ओरडले असते. घरात त्यांच्या समोर उभीच राहत नाही हल्ली, थोडी बाजूला राहते."

बाहेर आलो तर अण्णा उठून उभे होते, खांद्याला पिशवी, पिशवीत लेन्स.

"कुठला घेतला?"

"तुमच्या लेन्सचा," मी म्हटलं. "कड मऊ आलीय."

"येऊ दे."

पद्माने त्यांचा हात धरला नाही. जिन्याच्या तोंडाशी जाऊन ती त्यांच्या उजव्या अंगाला, अर्धं पाऊल पुढे उभी राहिली, आणि ते तिच्या मागोमाग एक एक पायरी उतरायला लागले. वळणावर थांबून त्यांनी मान वर केली आणि माझ्या शेजारच्या विजेच्या मीटरकडे तुच्छतेने बघितलं.

"चित्रे, हा पोपटी रंग तुला अजिबात शोभत नाही."

मी पोपटीच नेसले होते.